सगुणाच्या अवजारांची यादी

चंदनगडच्या राज्यात कायमचं राहायला जायचं तर दरवाजे तीन, आणि कोंडाजी लोहाराला त्यातला एकही जमेना!

पहिला दरवाजा व्यापाऱ्यांचा. त्यातून जायला मालाने लादलेले शंभर बैल लागत. कोंडाजीकडे एक गाढव होतं, आणि तेही मनात आलं तरच चालायचं. दुसरा दरवाजा सोयऱ्यांचा. त्यासाठी आत नात्याचं माणूस हवं. तिसरा कारागिरांचा. कारागिराने आपली अवजारं घेऊन खुशाल आत जावं, पण एकट्याने! जोडीदाराने सात वर्षं वेशीबाहेर थांबायचं. शिवाय एका दरवाजावर नाव लागलं की उरलेले दोन जन्मभर बंद. रणधवल राजाने हे नियम स्वतः सांगून लिहून घेतले होते, आणि राजा असा हट्टी, की त्यातला काना-मात्राही बदलू देत नसे.

कोंडाजी आणि त्याची बायको सगुणा यांचं गाव नव्या तलावाखाली गेलं होतं. शेतंच बुडाली, मग विळे आणि फाळ कुणासाठी घडवायचे? मागे फिरायची सोय नव्हती.

"मीच जातो पुढे," कोंडाजी जमिनीकडे बघत म्हणाला. "सात वर्षं काय, जातील भुर्रकन."

"तुम्हाला भाकरी थापता येते?"

"नाही."

"मग सात वर्षं चुलीकडे बघत बसणार का?"

सात दिवससुद्धा आपल्याच्याने निघणार नाहीत, हे कोंडाजीला पक्कं ठाऊक होतं.

दरवाजावरचे कारकून धोंडोपंत हळूच म्हणाले, "एक युक्ती सांगू? कोंडाजी, तू आत जा. इथल्याच एखादीशी लग्न लाव, म्हणजे तू इथला सोयरा होशील. मग हिला बहीण म्हणून सोयऱ्यांच्या दरवाजातून आण!"

"वा पंत!" सगुणा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि दर भाऊबीजेला मी माझ्याच नवऱ्याला ओवाळू? राहू द्या तुमची युक्ती. कारागिरांच्या दरवाजावर नाव लिहा. कारागीर, सगुणा लोहारीण."

"तू कारागीर?"

"घण मी मारते. हे सांडशीत लोखंड धरतात, हातोडीने जागा दाखवतात. आता अवजारं लिहा. ऐरण एक, घण एक, हातोडी एक, सांडशी एक, भाता एक, नवरा एक."

पंतांची लेखणी थांबली. "नवरा?"

"सांडशीला लागूनच असतो तो. सुटा मिळत नाही."

पंत धावतच राजाकडे गेले. थोड्या वेळाने रणधवल राजा स्वतः दरवाजावर आला. मिशा थरथरत होत्या.

"नवरा अवजार कधीपासून झाला गं?"

"महाराज, कारागिराची अवजारं कोणती, ते कारागिरानेच सांगावं, असं तुमच्याच नियमात आहे. पंत, वाचा की!"

पंतांनी वाचलं. तसंच होतं!

"खंडेनवमीला आम्ही अवजारांची पूजा करतो," सगुणा पुढे म्हणाली. "मी ऐरणीला हळदकुंकू लावते, घणाला लावते, आणि शेवटी यांच्या कपाळालाही लावते."

"खरं का रे?" राजाने कोंडाजीला विचारलं.

कोंडाजीने तोंड उघडलं, तेवढ्यात सगुणा म्हणाली, "अवजार कधी बोलतं का महाराज?"

कोंडाजीने तोंड मिटलं. शिपाई गालात हसू लागले. राजा मात्र हटेना.

"ठीक! अवजार तर अवजार. पण हे जुनं झालंय. ते बाहेर ठेव, मी तुला कोरं देतो!" त्याने एका धिप्पाड शिपायाला पुढे बोलावलं. "साडेचार हात उंच आहे. धर म्हणावं ते लोखंड धरेल!"

कोंडाजीने सांडशी छातीशी घट्ट धरली. सगुणाने शिपायाला वर-खाली न्याहाळलं.

"दिसायला झकास आहे," ती म्हणाली. कोंडाजीचा चेहरा पडला. "पण अवजार पारखल्याशिवाय मी घेत नाही."

तिथेच भट्टी पेटवली. लोखंड लालबुंद झालं. शिपायाने ते सांडशीत पकडून ऐरणीवर धरलं. सगुणाने पदर खोचला, घण डोक्यावर उचलला, आणि घण खाली यायच्या आत शिपाई सांडशी टाकून चार पावलं मागे!

"भित्रा कुठला!" राजा गरजला. "आण इकडे, मी धरतो!"

राजाने सांडशी धरली. घण वर गेला. राजाने डोळे मिटले. घण खाली आला, तेव्हा ऐरणीपाशी लोखंडही नव्हतं आणि राजाही नव्हता. तो पंतांच्या पाठीमागे उभा होता!

कुणी हसायची हिंमत केली नाही. सगुणाने नुसतं कोंडाजीकडे पाहिलं. तो पुढे झाला, सांडशी उचलली, लोखंड पुन्हा तापवून ऐरणीवर धरलं. ठण्! ठण्! ठण्! घण त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर पडत होता, पण कोंडाजीची पापणीसुद्धा लवली नाही. बघता बघता विळा तयार झाला.

राजाने विळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "बाई, हा माणूस घणाला भीत कसा नाही?"

"घणाला कशाला भितील?" सगुणा घाम पुसत म्हणाली. "ते मला भितात! हात हलला तर संध्याकाळी घरी यायचंय ना!"

राजा एवढा खो खो हसला, की त्याचं पागोटं सरकलं. "अगं, मग अशी अवजारं माझ्या राज्यात पुष्कळ आहेत! एक तर रोज राणीसाहेबांपुढे उभं असतं!"

हसू ओसरल्यावर त्याने वेशीच्या आतली लोहारशाळा त्या दोघांच्या नावे करून दिली, वर एक धडधाकट बैलही दिला.

"पंत, यादी पुरी करा," राजा म्हणाला. "ऐरण एक, घण एक, हातोडी एक, सांडशी एक, भाता एक, नवरा एक. आणि खाली शेरा मारा, शेवटचं अवजार बदलून मिळत नाही!"