कासाराच्या बायकोची आवड

फार वर्षांपूर्वी, नदीकाठच्या एका गावात केरबा नावाचा कासार राहत होता. बांगड्यांचं ओझं बैलगाडीत घालून तो गावोगावच्या यात्रा फिरायचा. माणूस मोठा हौशी. त्याला काय आवडतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, कारण तो स्वतःच ते सांगत असे. जेवणात गोड हवं, त्यातही शेवयांची खीर. रिकाम्या वेळी सोंगट्यांचा डाव. गाण्यात सनई, कुठं सनई वाजतेय असं कानावर आलं की केरबा हातातलं काम टाकून निघे. आणि सगळ्यांत मोठी आवड फिरण्याची. एका यात्रेहून आला की दुसरीची तयारी सुरू.

त्याची बायको तुळसा. दोघांना मूलबाळ नव्हतं. केरबाला आंबट चालत नसे, म्हणून घरात चिंच यायची नाही. पहाटे जात्यावर कुणी गायलं की त्याची झोप मोडे, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत तुळसा मुकाट्यानं दळायला लागली. यात्रेहून आल्यावर तो ओसरीवर बसून तिथल्या गमती सांगे आणि ती भाकऱ्या थापता थापता ऐके.

केरबा वाईट नव्हता. त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नाही, घरात कधी काही कमी पडू दिलं नाही. तुळसा सुखात आहे असंच तो धरून चालला होता.

एका वर्षी दिवाळीनंतर तुळसानं अंथरूण धरलं. ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच गेली. घास तोंडाशी नेला की ती मान फिरवायची. वैद्यांनी नाडी बघितली आणि केरबाला बाहेर बोलावलं.

"औषध मी देतो, पण रिकाम्या पोटी ते लागू पडायचं नाही. तिच्या आवडीचं काहीतरी करून घाला. दोन घास गेले पाहिजेत."

"एवढंच ना," केरबा म्हणाला आणि त्यानं शेजारणीकडून शेवयांची खीर करवून आणली. तुळसानं एक चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली. दुसऱ्या दिवशी बासुंदी झाली, तिसऱ्या दिवशी पुरणपोळी. सगळं तसंच उरलं.

मग केरबा तिच्या उशाशी बसला. "तुळसा, तुला काय खावंसं वाटतं?"

असा प्रश्न तिला अनोळखी होता. "तुम्ही आणाल ते," ती म्हणाली.

त्यानं शेजारणीला विचारलं. शेजारीण म्हणाली, "ती माझ्याकडं यायची ती तुमच्या खिरीचं दूध मागायला. स्वतःचं कधी बोलली नाही बाई."

केरबा ओसरीवर येऊन बसला. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला एवढंही सांगता येत नाही, याची त्याला मनोमन लाज वाटली. त्यानं शेजारणीला तुळसाजवळ बसवलं, गाडी जुंपली आणि तुळसाच्या माहेरी गेला. तिथं तिची थोरली बहीण चंद्राक्का राहत होती.

चंद्राक्कानं पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "आंबट," ती म्हणाली. "अंबाडीची भाजी असली की ही पातेलं पुसून खायची. आणि गळा कसला होता तिचा, दाजी. ही दळायला बसली की आजूबाजूच्या बायका आपली जाती थांबवायच्या. तुम्हाला ठाऊक असेलच म्हणा."

केरबानं मान खाली घातली. "नाही, आक्का."

चंद्राक्कानं परड्यातली अंबाडी खुडून फडक्यात बांधली आणि त्याच्याबरोबर गाडीत बसली.

घरी आल्यावर भाजी कशी करायची ते केरबानं तिला विचारून घेतलं आणि स्वतः चुलीपुढं बसला. भाजीत घालायच्या ज्वारीच्या कण्या थोड्या करपल्या, तिखट जास्त झालं. पण लसणाची फोडणी पडली तशी आत तुळसानं मान उचलली. ती उठून बसली, भाकरीच्या तुकड्याबरोबर भाजी खाल्ली आणि खाता खाताच तिच्या डोळ्यांना धार लागली.

"फार तिखट झालीय का?" केरबानं विचारलं.

"नाही. असू दे," ती म्हणाली आणि आणखी मागून घेतली.

त्या दिवसापासून ती रोज थोडं थोडं जेवायला लागली. केरबा तिच्याजवळ बसून प्रश्न विचारी आणि ती आठवून आठवून सांगे. तिला सोंगट्या येत होत्या. लहानपणी ती बापाला हरवायची. एका सकाळी तिनं दोन ओळी गुणगुणल्या. आवाज चिरकत होता, पण केरबा हातातली काकणं तशीच धरून ऐकत राहिला.

"आणि कुठं जावंसं वाटतं?" त्यानं एकदा विचारलं.

तुळसा म्हणाली, "संगमावर. लहानपणी मी आणि आक्का नदीत पानांच्या होड्या सोडायचो. आमची नदी खाली जाऊन मोठ्या नदीला मिळते, असं आई सांगायची. ती कशी मिळते ते बघायचं होतं."

संगमावरच्या यात्रेला केरबा दरसाल जात होता.

त्यानं वैद्यांना विचारलं. वैद्य म्हणाले, "गाडीत गवत पसरा, वर गोधडी घाला आणि सावकाश न्या. आता हवा थंड आहे. पण जायचं तर लगेच जा. तिच्या अंगात जीव थोडा आहे, आणि तो किती दिवस टिकेल ते मला सांगता येत नाही."

केरबा खूश होऊन घरी आला. पण दारात त्याच्या फिरस्तीचे सोबती उभे होते. देवीची पौषातली यात्रा दोन दिवसांवर आली होती. बांगड्यांचा खप मोठा, आणि यंदा लांबून नावाजलेला सनईवाला येणार होता.

केरबा घुटमळला. मग आत जाऊन म्हणाला, "तुळसा, एवढी यात्रा उरकून येतो. आलो की त्याच पावली निघू. चालेल ना?"

"बरं," तुळसा म्हणाली.

चंद्राक्का त्याच्या मागोमाग अंगणात आली. "दाजी, ती बरं म्हणाली म्हणून जाऊ नका. तिला दुसरं काही म्हणायची सवय नाही."

"चार दिवसांनी काय बिघडतंय, आक्का? तेवढ्यात तिला आणखी ताकद येईल."

तो गेला. बांगड्या दुपारपर्यंतच खपल्या. सनई खरोखर गोड होती. दुसऱ्या दिवशी तोच सनईवाला पुन्हा वाजवणार असं कळलं, म्हणून केरबा एक दिवस जास्त राहिला. परतताना मात्र त्यानं बाजारातून मऊ गादी घेतली आणि ती तुळसासाठी गाडीत अंथरली.

घराशी आला तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती. त्याला बघून ती बाजूला झाली. तुळसा सकाळीच गेली होती.

"काल तुम्ही येणार म्हणून तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली," चंद्राक्का म्हणाली. "दिवसभर दाराकडं तोंड करून बसली होती. रस्त्यावर गाडी वाजली की विचारायची, आली का? संध्याकाळी म्हणाली, ते दमून येतील, उद्या निघायला नको म्हणावं. परवा जाऊ."

केरबा उंबऱ्यावरच बसला. त्याला रडूही येईना.

दिवसकार्य झाल्यावर अस्थी घेऊन तो संगमावर गेला. चंद्राक्का सोबत होती. यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे तिथं ना दुकानं होती ना वाजंत्री. त्या मोकळ्या घाटावर उभं राहून केरबानं पहिल्यांदाच पाण्याकडं नीट बघितलं. लहान नदीचं पाणी हिरवट आणि नितळ होतं, मोठीचं मातकट. मिळाल्यावरही दोन्ही पाणी बरंच अंतर शेजारी शेजारी वाहत होती, मधली रेघ स्पष्ट दिसत होती. आणि मग कुठंतरी पुढं ती रेघ विरून जात होती.

"तुळसा, हे बघ," असं म्हणत त्यानं शेजारी मान वळवली.

चंद्राक्कानं पदर डोळ्यांना लावला. केरबा पायऱ्या उतरून पाण्यात गेला, त्यानं अस्थी सोडल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

तात्पर्य इतकंच, की आपल्या माणसाला काय आवडतं ते वेळेवर विचारावं, आणि एकदा कळलं की ते उद्यावर टाकू नये.