विष बाहेर पडतंय

“पण मला सांगा अक्का, श्वास घेतल्यानं कधी कुणी मरतं का?”

 नीलाक्का मठाच्या मागच्या ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. बत्त्याचा ठोका, चिंचोका इकडे, गर तिकडे. हात काही थांबला नाही.

“नाही ना मरत? मग लोक माझ्या तोंडाकडे असं का बघतायत?”

अक्कांनी आणखी एक चिंच फोडली.

ही विचारणारी बाई कोण, ते आधी सांगायला हवं. सुलोचना बिराजदार, सोलापूरकडची. वय त्रेपन्न, आवाज खणखणीत, पाठ ताठ. अक्कांकडे प्राणायाम शिकली आणि सगळ्या शिष्यांत पुढे गेली. पाळी जायच्या वयातल्या बायकांची ती गावोगाव शिबिरं घ्यायची. अंगाची आग, रात्रीचा घाम, छातीतली धडधड, उडालेली झोप, सगळं हार्मोनच्या गोळीविना बरं करू, असं तिच्या फलकावर लिहिलेलं असायचं. जवस खा, सोयाबीन खा, काढा प्या आणि श्वासावर बसा. फलकावर फोटो मात्र अक्कांचा.

बायकांना बरं वाटायचं, खोटं कशाला बोला! ज्या बाईला घरात कुणी ‘काय होतंय गं तुला’ म्हणून विचारत नाही, तिला चारचौघींत बसून आपलं दुखणं बोलता आलं, तरी निम्मा भार उतरतो. पण सुलोचनाला वाटायचं, ही सगळी आपल्याच हाताची करणी. मान वाढत गेला, तसा जिभेवरचा लगाम सुटत गेला.

“त्या भागीरथीचं म्हणतेस का?” अक्कांनी शेवटी विचारलं.

“हो. भागीरथी हत्तुरे.”

“काय झालं ते पहिल्यापासून सांग. मधूनच नको.”

सुलोचनाने पदर कमरेला खोचला आणि सांगायला लागली. सांगताना ती अक्कांकडे नाही, अंगणातल्या हौदाकडे बघत होती.

भागीरथी शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनमधून ती जहाल औषधं झाली आणि त्यात पाळी एकाएकी बंद पडली. मग आग सुरू झाली. चुलीपुढून उठून ती शाळेच्या नळाखाली डोकं धरायची म्हणे. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुझ्या आजारात हार्मोन चालायचं नाही, दुसरी एक गोळी देते. ती गोळी सुरू झाली आणि आग निम्म्यावर आली. रात्रीची चार घटका झोपही लागायला लागली.

“मग बरं चाललं होतं की तिचं.”

“बरं कसलं, अक्का! ती शिबिराला आली, तेव्हा पिशवीत ते पाकीट. मी नाव मोबाइलवर घालून बघितलं. मन खचलेल्यांची गोळी निघाली! डोकं ठिकाणावर नसलेल्यांना देतात ती. आणि दिली कुणाला, तर चांगल्या शहाण्यासुरत्या बाईला!”

“मग?”

“मी सगळ्यांसमोर विचारलं, भागीरथी, तुला वेड लागलंय का? बायका हसल्या. तीसुद्धा हसली. मी म्हटलं, मग ही वेड्यांची गोळी कशाला गिळतेस? टाक आत्ताच्या आत्ता.”

“टाकली?”

“तिथल्या तिथे, मोरीत. टाळ्या वाजल्या, अक्का.”

बत्त्याचा ठोका चुकून अक्कांच्या बोटावर बसला. त्यांनी बोट झटकलं आणि पुढची चिंच घेतली.

“पुढे?”

“पुढे... तिचा फोन आला. डोकं गरगरतंय, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतंय, डोळ्याला डोळा नाही. आणि आग पहिल्यापेक्षा दुप्पट.”

“काय म्हणालीस तिला?”

सुलोचनाने खोचलेला पदर पुन्हा घट्ट केला.

“म्हटलं, विष बाहेर पडतंय. सोस. श्वास वाढव.”

“परत केला का तिनं फोन?”

“केला होता...”

“मग?”

“मी व्यासपीठावर होते. उचलला नाही.”

त्यापुढचं सांगायची गरजच नव्हती, ते गावाच्या तोंडी होतं. भागीरथी सकाळी घरात दिसली नाही. विहिरीत सापडली. पाय घसरला, असं गाव म्हणालं आणि पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. गेलेल्या बाईची अब्रू आणि मागे राहिलेल्या पोरीचं लग्न, दोन्ही सांभाळावं लागतं ना! मातीला सुलोचना गेली होती. भागीरथीच्या नवऱ्यानं तिला बाजूला बोलावलं. तो भांडला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही.

“मॅडम, ती झोपतच नव्हती ओ,” तो म्हणाला. “तुम्ही सांगितलेलं सगळं करायची. भिंतीला टेकून रात्रभर श्वास घेत बसायची ओ.”

त्या दिवसापासून सुलोचनाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण माणसाचं मन मोठं लबाड. आतून कितीही पोखरलं, तरी ते आधी वकील शोधायला धावतं.

“मी तिचं वाईट चिंतलं होतं का, अक्का? सांगा ना.”

“नाही.”

“एक रुपया घेतला का तिच्याकडून?”

“नाही.”

“मग आता एवढं करा. पुढे मंडपात शिबिराच्या बायका जमल्यात. आज निम्म्या ऐकायला आल्यात आणि निम्म्या नुसत्या माझं तोंड बघायला. तुम्ही माझ्याशेजारी येऊन बसा आणि एकच वाक्य बोला.”

“कुठलं वाक्य?”

“हेच, की तुम्ही स्वतः यातून नुसत्या श्वासावर पार झालात. तुम्ही बोललात की सगळ्यांची तोंडं बंद होतील. नाहीतर माझं आयुष्यभराचं केलेलं मातीत जाईल, अक्का.”

अक्कांनी बत्ता खाली ठेवला.

“मी श्वासावर पार झाले, हे तुला कुणी सांगितलं?”

सुलोचनाला हसूच आलं. “अहो, हे काय विचारणं झालं? सगळ्या जगाला माहीत आहे. मी कुठे कुठे सांगितलंय त्याला गणती नाही. तुमच्या समोर बसून सांगितलंय!”

“तेव्हा मी काय म्हणाले?”

“तुम्ही... काही नाही म्हणालात. डोळे मिटून बसला होतात.”

“हं.”

गुडघ्यावर हात टेकत अक्का उठल्या आणि खोलीत गेल्या. आतून पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात तांब्या होता आणि दुसऱ्या हातात गोळ्यांचं पाकीट.

एक गोळी त्यांनी चिंचेनं काळ्या पडलेल्या तळहातावर घेतली. सुलोचनाला नीट दिसेल, इतका वेळ तशीच धरली. मग तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायल्या.

पाकीट त्यांनी तिच्या पुढ्यात ठेवलं.

सुलोचनाने नाव वाचलं. परत वाचलं...

“ही तर तीच आहे.”

“तीच असेल.”

“तुम्ही घेता?”

“माझ्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरली होती, म्हणून मला हार्मोन चालत नव्हतं. आणि रात्री अशी पेटायचे, की ह्या गार फरशीवर येऊन पालथी पडायचे. डॉक्टरांनी ही दिली. म्हणाले, एकदम कधी सोडू नका. सोडायची झाली तर मला विचारा, हळूहळू कमी करू.”

“आणि श्वास?”

“श्वासावर बसते की. बरं वाटतं. आणि ही पण घेते.”

सुलोचनाच्या पायाखालची वाळू सरकली.  मग राग आला, आणि असा आला, की गुरू समोर आहे याचंही भान राहिलं नाही.

“मग बोलला का नाहीत? मी तुमचं नाव घेऊन बायकांच्या गोळ्या मोरीत टाकायला लावल्या, आणि तुम्ही इथे डब्यात लपवून गिळत होतात! एक शब्द, अक्का! तुमच्या एका शब्दानं भागीरथी वाचली असती!”

“वाचली असती.”

“मग का नाही बोललात?”

अक्का हाताला लागलेला गर पदराला पुसत राहिल्या. 

“तुम्ही सगळ्या पाया पडत होता. ह्या बाईनं देह जिंकला, म्हणत होता. ते मला गोड लागत होतं गं.”

एवढंच म्हणाल्या. आवाजात ना हुंदका ना कसला आव. सुलोचनाला वाटलं, हिनं रडावं, निदान मान तरी खाली घालावी. म्हणजे सगळा दोष हिच्या पदरात घालून आपण मोकळ्या होऊ. पण म्हातारी तिच्याकडे सरळ बघत होती.

“आता तुझं सांग.”

“माझं काय सांगू?”

“पोलकं पाठीला चिकटलंय तुझं. सावलीत बसून एवढा घाम?”

“ऊन किती पडलंय, बघता ना.”

“सुलोचना...”

 ती खांबाला टेकली. मंडपातून बायकांची कुजबुज ऐकू येत होती.

“अंगावर निखारे ओतल्यासारखं होतं, अक्का.” आवाज खोल गेला होता तिचा. “रात्रीत दोन दोनदा कपडे बदलते. नवऱ्यावर खेकसते आणि मग न्हाणीघरात तोंडात पदर कोंबून रडते. जवस खाऊन झालं, काढे पिऊन झाले. श्वासावर बसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. जात नाही ते.”

“डॉक्टरकडे गेलीस?”

“कशी जाऊ? दवाखान्याच्या बाकड्यावर मला कुणी बघितलं असतं तर?”

“आणि शिबिरात काय सांगतेस?”

“सांगते, की मला तर कधी जाणवलंसुद्धा नाही.”

बोलून गेली आणि आपलेच शब्द तिच्या कानावर पडले. तिला आठवलं. शिबिराच्या पहिल्या दिवशी भागीरथी मागे रेंगाळली होती. बाकीच्या बायका गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली होती, “ताई, रागवू नका, पण तुमाला पण होतं का ओ असं?” कपाळावरचा घाम पुसत सुलोचना म्हणाली होती, “छे! मला कशाला होईल?” भागीरथीचं तोंड एवढंसं झालं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं गोळ्या टाकल्या.

हे तिने अक्कांना सांगितलं. सांगता सांगता तिला असं रडू फुटलं, की मंडपातली कुजबुज थांबली.

“मी मारलं तिला, अक्का. मी मारलं.”

अक्कांनी ‘नाही’ म्हटलं नाही.

कुणीतरी दाराशी येऊन हाक मारून गेलं, “ताई, या की आता, बायका खोळंबल्यात.” सुलोचना पुढे सरकली आणि तिने अक्कांचे पाय गच्च धरले.

“मला प्रायश्चित्त द्या. शिबिरं बंद करते, फलक जाळून टाकते. त्या बायकांना तोंड दाखवायची माझी लायकी नाही. त्यांना तुम्ही घरी पाठवा. मी आजपासून मौन घेते, अक्का. मरेपर्यंत एक शब्द बोलायची नाही.”

अक्कांनी पाय सोडवून घेतले. ओसरीवरचं ते पाकीट उचललं, कुणालाही दिसेल असं हातात धरलं आणि मंडपाच्या दाराकडे निघाल्या. उंबऱ्यापाशी थांबून त्यांनी मागे बघितलं.

“मौन? ते तर आपण दोघींनी आजवर पाळलंच की गं.”