रथातला र, तळ्यातला त

राजकन्या कमळजा पाच वर्षांची झाली, आणि तिला अक्षरं कशी शिकवायची यावरून दरबारात दोन पंडित हमरीतुमरीवर आले.

घोकेशास्त्री म्हणाले, "शंभरदा घोकायचं. चुकलं की छडी!"

मोकळेशास्त्री म्हणाले, "छे! मूल म्हणजे वेल. मोकळं सोडा, आपोआप वाढेल."

"आपोआप तण वाढतं!"

"आणि छडीनं वळ उठतात, अक्षरं नव्हे!"

चौथ्या दिवशी राजा कंटाळला. कुणालाच नाराज करायचं नाही, म्हणून त्यानं दोघांचंही ऐकलं. "ठरलं! राजकन्येला शिकवायचं नाही, आणि न शिकवता सोडायचंही नाही. आठ दिवसांत तिला एक शब्द लिहिता आला पाहिजे!"

दारात रांगोळी घालणारी येसू फिस्सकन हसली. महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. नेमकी आजच हसली.

"हसू येतंय? मग हे काम तुझं! जमलं नाही तर नवऱ्यासकट वेशीबाहेर!"

नवरा राजवाड्यात पाणी भरायचा. वेशीबाहेर नुसतं माळरान. येसूनं पदर सारखा केला आणि राहिलेले ठिपके पुरे केले.

सकाळी राजकन्या उड्या मारत आली. "येसू, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?"

"अगंबाई! नवऱ्याचं नाव असं तोंडानं घेतात होय?"

"मग मला कसं कळणार?"

"लिहिलेलं चालतं. पण मला कुठं लिहिता येतंय? एवढंच सांगते, पहिलं अक्षर रथात आहे, पथात नाही."

राजकन्या उकिडवी बसली. बराच वेळ ओठ हलले. "र!"

"असेल. पण दिसतो कसा, कुणास ठाऊक!"

राजकन्या धूम पळाली.

दोन दिवसांनी येसू म्हणाली, "दुसरं तळ्यात आहे, मळ्यात नाही." मग, "तिसरं वनात आहे, वडात नाही."

आठव्या दिवशी भर दरबारात राजकन्येनं धूळपाटीवर बोटानं तीन अक्षरं काढली.

राजा गरजला, "कुणी शिकवलं?"

"मी नाही, महाराज," येसू म्हणाली. "मला अक्षरओळखच नाही."

घोकेशास्त्री घाबरून म्हणाले, "मीही नाही! मी म्हणत होतो, आधी ओनामा घोका. राजकन्या आधी 'र', मग 'न' तेवढा काढून घेऊन पळाल्या!"

"मी तर माझ्या तत्त्वाप्रमाणे झाडाखाली स्वस्थ पडलो होतो," मोकळेशास्त्री म्हणाले. "मला झोपेतून उठवून 'त' काढायला लावला!"

"म्हणजे न शिकवता सोडली?"

येसू हळूच म्हणाली, "सोडायचं कसं, महाराज? त्याच कुणाला सोडत नव्हत्या."

राजानं मिशी चावली. "पण नाव बरोबर आहे कशावरून? सांग तुझ्या नवऱ्याचं नाव!"

येसूनं मान खाली घातली. "तोंडानं कसं घेऊ? समोर लिहिलंय. आपणच वाचावं."

राजा वाकला आणि त्यानं मोठ्यानं वाचलं, "रतन!"

"जी महाराज!" कावड खांद्यावर घेऊन पाणक्या दारातून आत आला.

राजा इतका हसला की मुकुट धूळपाटीत पडला. साडीचोळी झाली, वेशीच्या आत घर झालं. "आणि आजपासून राजवाड्यातल्या सगळ्या मुलांची गुरू तूच!"

"पण महाराज, मला अक्षर येत नाही."

"म्हणूनच तर!"