अर्धी पुडी

“तीनशे पुड्या किती वाजता होतील?” हे बुवांनी मला विचारलं, की त्यांनी न विचारताच मी सांगून टाकलं, याची आता खात्री देता येत नाही. कुणी विचारण्याची वाट पाहणारा मी नव्हतो. म्हणजे बहुधा मीच आपणहून बोललो असेन.

उत्तर मात्र पक्कं आठवतं.

“माझ्या पद्धतीनं बारा वाजता. तुमच्या पद्धतीनं दोन.”

“आणि पलीकडे जाणारी तर? ती होडी कधी सुटते?”

“साडेबाराला सुटते. म्हणून तर सांगतोय, बुवा!”

खाडीपलीकडच्या कोंडवाडीत हगवणीची साथ पसरली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी मठात प्रमाण लिहून पाठवलं होतं. सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, त्याची एक पुडी; ती लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळायची आणि घोट घोट पाजायची. पुड्या बांधायचं काम मठानं अंगावर घेतलं होतं.

चिदंबरबुवा मठाचे प्रमुख, पूर्वाश्रमीचे कंपाउंडर. मी अठ्ठावीस वर्षांचा, उत्पादन-व्यवस्थापनाची परदेशी पदवी घेऊन नुकताच परतलेला. ध्यान शिकायला आलो होतो. तीन दिवसांत मांडी दुखण्यापलीकडे काही साधलं नव्हतं, आणि आता अचानक माझ्या विषयातलं काम समोर आलं होतं. केवढा आनंद झाला मला! लाज वाटते सांगायला. पलीकडे माणसं आजारी होती आणि मी खूश होतो.

बुवा खांबाला टेकून बसले होते. कागद घ्यायचा, मीठ, साखर, घडी, दोरा. पुडी टोपलीत. मग दुसरा कागद.

“बुवा, दर पुडीला तुम्ही दोनदा चमचा बदलता. मग कागद, मग दोरा. हात फिरण्यातच अर्धा वेळ जातो.”

“जातो खरा.”

“त्यापेक्षा आधी सगळे कागद मांडायचे. मग सगळ्यांत मीठ, मग सगळ्यांत साखर. मग सगळ्या घड्या. एक काम हातात बसलं की हात पळायला लागतो. कारखाने यावरच चालतात.”

“मांड की मग, कारखानदार. मंडप मोकळाच आहे.”

“आणि तुम्ही?”

“मी आपला जुनाट माणूस… माझं चालू दे.”

मठाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या इंदूताई आतून हसल्या. “लागली पैज!”

मी सभामंडपात कागदांच्या ओळी मांडल्या. तीनशे पांढरे चौकोन! काय देखणं दृश्य होतं ते. मी एका टोकानं मीठ घालत निघालो. माझी धांदल पाहून इंदूताई चमचा घेऊन दुसऱ्या टोकाला बसल्या. मीठ संपलं. साखर सुरू झाली. खरंच हात पळत होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणालो, “बुवा, बाराच्याही आधी!”

बुवांनी दोऱ्याला गाठ मारली.

पावणेदहाला एक माणूस धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, छाती भात्यासारखी हलत होती. कोंडवाडीचा धाकू मयेकर. स्वतःची होडी वल्हवत आला होता.

“पुड्या हायत का? माझी बाय… लेक माझी, शेवंती… रातीपासनं पानी पोटात ठरत नाय. आता डोळंबी उघडीत नाय.”

“होतायत!” मी म्हणालो. “बाराच्या आत तीनशे तयार.”

“बारा?” तो म्हणाला. “तवर ऱ्हाईल का ती?”

त्यानं मंडपभर नजर फिरवली. “येवड्या तर हायत की.”

“त्या अर्ध्या झाल्यात.”

“सायेब, अर्धी पुडी कशी पाजू?”

मी साखर पडलेल्या कागदांवर झडप घातली. “थांबा, याच बांधून देतो! दहा बांधतो, वीस बांधतो…”

पहिली घडी घातली, तोच इंदूताईंनी माझं मनगट धरलं.

“थांबा हो. या ओळींना मीठ कुणी घातलं?”

“मी.”

“मीपण घातलंय.”

“किती ओळींना?”

त्यांना ते आठवेना. साखरेखाली मीठ दिसत नव्हतं. दुप्पट मिठाचं पाणी लेकराला पाजायचं नाही, हे चिठ्ठीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. तीनशे कागद माझ्यापुढे पसरले होते, आणि त्यांतला एकही मी त्या बापाच्या हातावर ठेवू शकत नव्हतो.

बुवा उठले. टोपली धाकूच्या हातात दिली.

“एक्केचाळीस आहेत. पळ.”

धाकू पळाला. मीही पळालो, का ते मला अजून सांगता येत नाही. धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या होत्या. धाकूच्या हातातली टोपली डोक्यावर धरून मी चिखलात उतरलो, ती होडीत ठेवली, होडीला खांदा दिला, “लोटा! लोटा!” असं ओरडलो. होडी सुटली. वल्ही पाण्यात जोरजोरानं पडत होती.

परत आलो तेव्हा बुवा पुडी बांधत होते.

मी शेजारी बसलो. एक कागद घेतला. मीठ… साखर… घडी… दोरा.

 दोन वाजेपर्यंत आम्ही तिघंही एकेक पुडी पुरी बांधत राहिलो. साडेबाराच्या तरीनं जेवढ्या झाल्या तेवढ्या गेल्या, उरलेल्या संध्याकाळच्या तरीनं.

पुढे नोकरी लागली, कारखाने झाले. कोंडवाडीला जायचा धीर मला नऊ वर्षं झाला नाही. अखेर गेलो. धाकूच्या अंगणात एक उंच, सावळी मुलगी जाळं विणत बसली होती.

“शेवंती?” मी विचारलं.

“व्हय,” ती म्हणाली. “तुमी कोन?”

तेवढ्यात धाकू घरातून बाहेर आला. धाकूला विचारलं, त्या दिवशी तिला किती पुड्या लागल्या?

“दोनच. दुसऱ्या पुडीला बायनं डोळं उघडलान. बाकीच्या वाडीत वाटल्या.”

त्याच संध्याकाळी मी मठात पोचलो. बुवा फार थकले होते, ऐकूही कमी येत होतं. मी त्यांच्या कानाशी वाकून जवळजवळ ओरडलोच. “बुवा, पोरगी जगली! एक्केचाळीसमधल्या दोनच पुड्या लागल्या तिला! फक्त दोन!”

बुवांनी माझ्याकडे पाहून विचारलं,

“बांधताना कुठं ठाऊक होतं, कोणत्या दोन?”