दोन घटकांचे कबूतर

छुन्न छुन्न करत एक घुंगरू फार वर्षांपूर्वी आभाळातून खाली आले होते. हैबतीने तो आवाज ऐकला आणि त्याचे नशीब फळफळले.

घाटमाथ्यावर कर्दळी नगर होते आणि घाटाखाली बेलसर. मध्ये दहा कोसांचे अंतर. हैबती बेलसरला कबुतरे सांभाळायचा. पायात घुंगरू बांधलेले त्याचे कबूतर त्या दिवशी दोन घटकांत कर्दळीहून बेलसरला उतरले. राजाने खूश होऊन हैबतीला कर्दळीला बोलावून घेतले आणि त्याच्या हातात चांदीचे कडे घातले.

खरे तर त्या दिवशी वारा पाठीशी होता. एरवी दुपारी घाटातून वारा वर चढतो. कबुतराला त्याच्याशी झुंजत जावे लागते, चार घटका लागतात. पण कोणी विचारले की हैबती म्हणायचा, "दोन घटका!"

एका वर्षी कर्दळीचा तलाव तुडुंब भरला. भर दुपारी बंधाऱ्याला चीर गेली. पाणी सोडायचे दार उघडले नाही तर बंधाराच फुटणार होता, आणि उघडले तर तीन घटकांत पाणी बेलसरात शिरणार होते.

राजा म्हणाला, "कबूतर सोडा आणि दारही उघडा. निरोप दोन घटकांत पोहोचेल. टेकडीवर चढायला माणसांना एक घटका पुरे. काय हैबती?"

हैबतीच्या हातात कबूतर होते. समोरून वारा अंगावर येत होता. माणसे दाराच्या साखळीला हात घालून उभी होती.

"थांबा सरकार!" तो ओरडला. "चार घटका लागतात. दोन घटकांत एकदाच गेलं होतं. मी खोटं सांगत आलो."

दिवाण कडाडला, "कडं घालून मिरवताना वारा नव्हता का रे?"



"कबूतर सोड," राजा हैबतीला म्हणाला. "तुझ्या खोट्या दोन घटका आता बंधाऱ्याला पेलायच्या आहेत. दार तोवर बंद."

दोन घटका सगळ्यांनी चिरेत दगडमाती कोंबली. राजाने कोंबली, दिवाणानेही. हैबतीची बोटे सोलून निघाली. मातीतून पाणी पाझरायला लागले तेव्हा कुठे दार उघडले.

दुसऱ्या दिवशी बेलसरचा स्वार आला. "घरं गेली सरकार. पण माणूस न् माणूस टेकडीवर आहे. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन नेलं."

हैबतीने कडे काढून राजाच्या पायाशी ठेवले. राजाने ते उचलून पुन्हा त्याच्यापुढे धरले. हैबतीने हात जोडले आणि कडे न घेता तो खुराड्याकडे चालू लागला.

तात्पर्य: एकदाच जमलेली गोष्ट रोजची म्हणून सांगू नये. सांगितली असेल, तर तिच्यावर कोणाचा जीव टांगण्याआधी स्वतःच खरे बोलावे.