पाण्याची सोपी वाट

खडकाच्या सूक्ष्मातिसूक्ष्म छिद्रातही जो भरून उरला आहे, त्या नारायणाला प्रथम वंदन.

एके काळी एक वृद्ध आचार्य एका तेलक्षेत्रावर राहत असत. भूगर्भातील खडकांचे त्यांना ज्ञान होते आणि पहाटेचे नामस्मरण त्यांनी कधी चुकवले नव्हते. त्यांच्या हाताखाली एक शिष्या शिकत होती. तिनेही नामाचा नेम धरला होता. परंतु मन क्षणभर स्थिर राहीना, म्हणून तिने माळ खुंटीला अडकवून ठेवली. आचार्यांनी ते पाहिले होते.

त्या क्षेत्रावर दोन विहिरी होत्या. एकीतून पाणी खाली दाबायचे, त्याने खडकातील तेल पुढे ढकलायचे आणि दुसरीतून ते वर काढायचे, अशी रीत. अलीकडे मात्र दुसरीतून नुसते पाणीच वर येई. क्षेत्राच्या मालकाने, एका व्यापाऱ्याने, बजावले, "पावसाळ्याच्या आत तेल दिसले नाही, तर दोन्ही विहिरी सिमेंटने बुजवीन." तिथल्या चाळीस घरांच्या चुली त्या विहिरींवरच पेटत होत्या.

आचार्यांनी साखर कारखान्यातून मळी मागवली, तिच्यावर पोसणारे जिवाणू तीत मिसळले, ते मिश्रण पाण्याबरोबर खाली सोडले आणि दोन्ही विहिरी तीन आठवडे बंद ठेवल्या.

व्यापारी हसला. "आचार्य, विहिरीला गोडधोड चारलेत, आता तिची ओटीही भरा की!"

शिष्येला हसू आले नाही. "गुरुजी, हे जिवाणू वाढून चिकट थर धरतील, खडकाची छिद्रे बुजतील. तेलाचीच वाट बंद झाली तर? चाळीस घरं आहेत हो इथे."

"मोजली आहेत मी ती," एवढेच आचार्य म्हणाले.

तीन आठवड्यांनी पंप सुरू झाला. पाणी खाली शिरेना. दाबमापकाचा काटा चढू लागला.

"गुरुजी, बंद करू?"

"थांब."

काटा आणखी चढला, थरथरला आणि स्थिरावला. नवव्या दिवशी शिष्येने दुसऱ्या विहिरीचा नमुना काचेच्या बाटलीत घेतला. पाण्यावर बोटभर काळे तेल तरंगत होते. व्यापाऱ्याने बाटली उन्हात धरून पाहिली आणि हळूच म्हणाला, "ओटी मीच भरतो."

शिष्येने विचारले, "पण नेमकी कोणती छिद्रे बुजवायची, हे त्या जिवाणूंना कसे कळले?"

"त्यांना काही कळत नाही गं. पाणी मोठ्या छिद्रांच्या सोप्या वाटेने धावत होते. तिथले तेल केव्हाच सरले होते. त्या धावत्या पाण्यानेच जिवाणूंना तिथे नेले, मळी पोहोचवली, आणि ते तिथेच वाढले. सोपी वाट अडली, तेव्हा पाणी बारीक छिद्रांत शिरले. तेल तिथे युगानुयुगे वाट पाहत होते." मग ते म्हणाले, "मन धावते म्हणून तू माळ ठेवलीस. धावू दे त्याला. नाम त्याच्याबरोबर सोड. मन जिथे जाईल तिथे ते रुजेल आणि ती वाट हळूहळू भरून येईल. मध्ये जीव घाबरा होईल, काटा चढेल. तेव्हा पंप बंद करू नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे शिष्येने खुंटीवरची माळ काढली. मन पंपाकडे गेले, चाळीस घरांकडे गेले, गावी आईकडे गेले. प्रत्येक ठिकाणी तिने नाम बरोबर पाठवले.

हे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या देवघरात दिवा तेवता राहो, आणि प्रत्येक घराच्या उंबरठ्याआत नारायणाची कृपा नांदो.