‘सी’चे एकोणतीस अर्थ

“बरं, सी म्हणजे काय?” गफूरचाचांनी आरसा पुसता पुसता विचारलं.

यशोधन कुलथे हसला. एवढंच ना!

“पाहणे. दिसणे. समजणे. भेटणे. दारापर्यंत सोबत करणे...”

या एका इंग्रजी क्रियापदाचे एकोणतीस अर्थ त्याने एका दमात सांगितले, प्रत्येकाचं वाक्य करून. बी.ए.ला इंग्रजीत पहिला आला होता, उगीच नाही.

चाचा शाळेची पायरी चढले नव्हते. चाळीस वर्षं लेण्याच्या अंगणात उभं राहून ते आरशाने ऊन आत पाडत, तेव्हा कुठे भिंतीवरची चित्रं दिसत. ते ज्याच्यासाठी आरसा धरतील तोच इथला गाईड, असा रिवाज होता. यशोधनला त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. आज तिसरी खेप. गाईड झालो नाही तर तोंड दाखवणार नाही, असं तो घरी सांगून आला होता.

“छान,” चाचा म्हणाले. “अजून थांब.”

“किती थांबू?” यशोधन भडकला. “तुम्हाला ‘सी, मॅडम’च्या पुढे एक शब्द येत नाही, आणि परीक्षा माझी घेता?”

“घेतो की.”

“मग ठेवा तुमचा आरसा तुमच्याजवळ! मी त्याच्याशिवाय दाखवतो.”

चाचा पुन्हा आरसा पुसू लागले.

काठी टेकत एक म्हातारी गोरी बाई पायऱ्या चढून आली होती. तो तिला घेऊन थेट आत घुसला.

आत काळोख. पण पठ्ठ्याची इंग्रजी काय सांगावी! हसरी राजकन्या, तिचे आनंदी डोळे, तिच्या ओठांवरचं गुपित... वाक्यावाक्याला सी. बाई “येस, येस” म्हणत राहिली. बिचारी भलत्याच भिंतीकडे तोंड करून उभी होती.

एकाएकी उन्हाचा झोत आला, तो सरळ यशोधनच्या तोंडावर.

“अहो चाचा, डोळे दिपले! बाजूला घ्या!”

झोत हळूच सरकला. भिंतीवर थांबला.

“सी, मॅडम,” बाहेरून आवाज आला.

बाई वळली. हातातली काठी खाली पडली, तिला कळलंही नाही.

राजकन्येची मान खाली होती. गालावर ओघळ होता. ती रडत होती.

यशोधन बघतच राहिला. या चित्रावरचं भाषण त्याने पुस्तकातून महिनाभर घोकलं होतं. चित्र मात्र आज पहिल्यांदा...

लाजेने त्याचे कान तापले. तरी तो तरातरा बाहेर आला, पुस्तक नाचवत.

“यात हसरी लिहिलीय! छापलेलं आहे!”

चाचांनी आरसा जराही हलवला नाही. बाई अजून आतच होती.

“मग पुस्तकाला आत उभं कर,” ते म्हणाले. “त्याच्यासाठी धरतो आरसा.”